टोकनच्या प्रीसेलमध्ये पैसे घालण्याआधी : बडोदेकरांसाठी धागा

लहरीपुरा

गेल्या काही महिन्यांत दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकाच साच्यातले मेसेज फिरत आहेत. नवं टोकन (क्रिप्टोतलं डिजिटल नाणं) येतंय, प्रीसेल (बाजारात येण्याआधीची विक्री) सुरू आहे, आज हा भाव, पुढच्या आठवड्यात वाढणार, एक्स्चेंजवर (टोकनांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर) लिस्ट झालं की कितीतरी पट. सांगणारा माणूस परका नसतो. मंडळाच्या गणपतीत पुढे असणारा, नाहीतर भाचीच्या सासरचा. त्यामुळे चार प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही आणि निवृत्तीच्या पैशातला एक हिस्सा तिकडे वळतो. एफडी मोडून पैसे घातलेली घरं माझ्या परिचयात आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भूमिका सांगतो. ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवली जाणारी व्यवहारांची सामाईक वही, हे तंत्रज्ञानच खोटं आहे, असं माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये मांडलेली आणि जानेवारी २००९ पासून चालू असलेली बिटकॉइनची मूळ कल्पना मला आजही महत्त्वाची वाटते. तिथे कोणी कोणाला टोकनं विकली नव्हती. ज्याला हवं त्याने मशीन लावावं आणि मायनिंग करावं, म्हणजे व्यवहार नोंदवून बदल्यात नवी नाणी मिळवावीत, अशी रचना होती. माझा आक्षेप आहे तो आधी टोकनं तयार करून मोठा वाटा स्वतःकडे ठेवायचा, उरलेली लोकांना विकायची आणि वर 'हे कोणाच्याच हातात नाही' असं सांगायचं, या पद्धतीला.

प्रत्येक टोकनच्या व्हाइटपेपरात (प्रकल्पाच्या माहितीपत्रकात) वाटपाचा एक रंगीत गोल असतो. टीम, सल्लागार, सुरुवातीचे गुंतवणूकदार, फाउंडेशन, मार्केटिंग आणि शेवटी सर्वसामान्यांसाठी विक्री. तो गोल नीट बघा. आधीच्या मंडळींनी ते टोकन काय भावाने घेतलं, हे तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. त्यांचं लॉक (विकण्यावरची बंदी) कधी उघडणार, हे लिहिलं असलं तरी बारीक अक्षरात. लॉक उघडलं की ते विकणार, आणि त्या वेळी बाजारात विकत घ्यायला उभे असणार तुम्ही-आम्ही.

इथेरियम या ब्लॉकचेनने २०१४ मध्ये आपल्या ईथर या नाण्याची विक्री केली तेव्हा सुरुवातीच्या ७.२ कोटी ईथरपैकी सुमारे ६ कोटी जाहीर विक्रीतून गेले आणि १.२ कोटी फाउंडेशन व सुरुवातीच्या कार्यकर्त्यांकडे राहिले. एक्सआरपी या नाण्याचं उदाहरण याच्या अगदी उलट. २०१२ मध्ये १०,००० कोटी टोकनं एकदमच तयार झाली आणि त्यातली ८,००० कोटी त्यामागच्या रिपल कंपनीला मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये, शपथविधीच्या तोंडावर, डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचं टोकन आलं. त्यात १०० कोटींपैकी ८० टक्के त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं. घेणाऱ्यांनी ते वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं.

आता दुसरा मुद्दा, साखळी (म्हणजे ब्लॉकचेन) कोणाच्या हातात आहे. ईओएस या एकाच प्रकल्पात दोन्ही गोष्टी दिसतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. जून २०१७ पासून तब्बल वर्षभर त्यांची टोकनविक्री चालली आणि ४०० कोटी डॉलरांहून जास्त रक्कम गोळा झाली. साखळी चालवणार कोण? टोकनधारकांनी मत देऊन निवडलेले २१ ब्लॉक प्रोड्यूसर, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) नोंदवणारे. मत टोकनांच्या प्रमाणात, म्हणजे ज्याच्याकडे टोकनं जास्त त्याचं वजन जास्त. जून २०१८ मध्ये साखळी सुरू झाली आणि काही दिवसांतच या मंडळींनी आपसात ठरवून ७ खाती गोठवली. कारण चांगलं होतं, ती खाती चोरीची असल्याचा संशय होता. पण 'कोणीही कोणाचं खातं अडवू शकत नाही' असं सांगून विकलेल्या व्यवस्थेत ते अडवता आलं, तेही मूठभर लोकांच्या संमतीने. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने (तिथल्या शेअर बाजार नियामकाने) विनानोंदणी विक्रीबद्दल कंपनीला २.४ कोटी डॉलर दंड केला. गोळा केलेल्या रकमेशी ताडून बघा.

आपल्याकडे शेअरचा आयपीओ आणताना सेबीचे नियम असतात. प्रवर्तकांचा किमान २० टक्के वाटा साधारणपणे १८ महिने अडकलेला राहतो, आणि प्रॉस्पेक्टसमध्ये खोटं लिहिलं तर कोणाला धरायचं हे ठरलेलं असतं. व्हाइटपेपरावर कोणाची सहीसुद्धा नसते.

आपले अनुभव लिहा. एक विनंती, रेफरल लिंक कोणी टाकू नका.

ताळेबंद

उत्तम धागा. मी व्यवसायाने सीए आहे, अलकापुरीत बसते. करासंबंधी लिहिते, कारण विक्री करणारे त्याचा उलटा अर्थ लावून सांगतात.

'सरकार ३० टक्के कर घेतं म्हणजे मान्यता आहे' हे वाक्य माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस बोलतो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. कर लावला म्हणजे व्यवहाराला वैधता दिली असं नाही, हे अर्थमंत्र्यांनी त्याच वर्षी संसदेत सांगितलं. सुप्रीम कोर्टाच्या निकालाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नका असं परिपत्रक काढलं होतं, ते कोर्टाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवलं. निकाल परिपत्रकाबद्दल होता. कुठल्याही टोकनला कोर्टाने प्रमाणपत्र दिलेलं नाही.

आता तोट्याचं. एका टोकनमध्ये २ लाख नफा झाला आणि दुसऱ्यात २ लाख बुडाले, तर तुमच्या हिशेबाने हातात शून्य. आयकराच्या हिशेबाने मात्र २ लाखांवर ६० हजार कर आणि वर ४ टक्के उपकर, एकूण ६२,४०० रुपये. तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. प्रीसेलमध्ये पैसे घालणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

अजून एक. प्रीसेलचे पैसे बहुतेक वेळा यूएसडीटीत (डॉलरशी भाव बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात) मागतात आणि ते यूएसडीटी 'आपला एक माणूस आहे' त्याच्याकडून रोख देऊन घ्यायला लावतात. असं करू नका. ते कोणाचे पैसे आहेत हे तुम्हाला कळत नाही. देण्याघेण्याच्या साखळीत कुठेतरी सायबर गुन्ह्याचे पैसे असले तर पोलिसांच्या पत्रावरून बँक खातं गोठतं, आणि ते सोडवायला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. माणूस निर्दोष असला तरी घराचा हप्ता थांबतो.

मांजलपूर_डेव्ह

लहरीपुरा, मांडणी आवडली, पण एका बाजूला झुकली आहे. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

तुम्ही ईओएसची ७ खाती सांगितलीत. मग २०१७ चं बिटकॉइनचं भांडणही सांगा. मे २०१७ मध्ये पन्नासहून जास्त कंपन्यांनी न्यूयॉर्कला करार केला. त्यांच्या पाठीशी बिटकॉइनच्या मायनिंग शक्तीपैकी ८० टक्क्यांहून जास्त होती. ब्लॉकचा आकार वाढवायचा असं त्यांनी ठरवलं. नोड (साखळीची प्रत ठेवून नियम तपासणारे संगणक) चालवणाऱ्या सामान्य लोकांनी आणि बऱ्याच डेव्हलपरांनी नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये त्या कंपन्यांना बेत सोडून द्यावा लागला. पैसा होता, मशीनं होती, तरी नियम बदलता आले नाहीत. विकेंद्रीकरण म्हणतात ते हे, आणि ते खरोखर अस्तित्वात आहे.

मायनिंग पूलबद्दलही (मायनिंग करणाऱ्यांच्या गटाबद्दल) गैरसमज असतो. २०१४ च्या जूनमध्ये जीहॅश नावाच्या पूलकडे निम्म्याहून जास्त शक्ती गेली होती. नियंत्रण एकाच्याच हाती जाईल म्हणून लोक घाबरले, मायनर स्वतःहून दुसरीकडे गेले आणि पूलनेही मर्यादा पाळायचं कबूल केलं. पूल म्हणजे मशीनचा मालक नव्हे. मायनर पूल बदलू शकतो.

लहरीपुरा

डेव्ह, २०१७ चं उदाहरण पूर्ण मान्य. पण ते माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. बिटकॉइनमध्ये नकार देता आला, कारण नोड चालवणारे हजारो होते आणि त्यातल्या कोणाला कंपनीने टोकनं वाटलेली नव्हती. दांडिया बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रीसेलच्या साखळीत नोड किती आहेत? बहुतेकांची स्वतःची साखळीच नाही, दुसऱ्याच्या साखळीवर लिहिलेलं एक कॉन्ट्रॅक्ट (आपोआप चालणारा प्रोग्राम) आहे.

आणि पूल बदलता येतो हे खरं असलं, तरी अलीकडच्या वर्षांत फाउंड्री आणि अँटपूल या दोन पूलांनी मिळून निम्म्याहून जास्त ब्लॉक काढल्याचा काळ वारंवार आला आहे. २०१४ मध्ये एवढ्यावरून लोक घाबरले होते. आता त्याची बातमीही होत नाही. मला हे जास्त काळजीचं वाटतं.

इथेरियमवरच्या डीएओ या सामाईक गुंतवणूक निधीचं प्रकरण घ्या. जून २०१६ मध्ये कॉन्ट्रॅक्टमधल्या चुकीचा फायदा घेऊन ३६ लाख ईथर काढून घेतले गेले. सुमारे महिन्याभराने, २० जुलैला, साखळीचे नियम बदलून पैसे परत केले. ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, ती आज इथेरियम क्लासिक. पैसे परत मिळाले याचा मलाही आनंद आहे. पण इतक्या मोठ्या निर्णयावर मत नोंदवणारे ईथरधारक अगदी थोडे होते, आणि पुढाकार इथेरियमच्या मुख्य मंडळींचा होता. संकट आलं की निर्णय काही लोकच घेतात. ते लोक कोण, हे पैसे घालण्याआधी माहीत असायला हवं.

सयाजीबाग

मी बँकेतून निवृत्त झालो. आपल्या गावाला पैशाच्या संस्थेची ओळख नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली. माझ्या नोकरीत मी शिकलो ते एवढंच, की ठेवीदाराला तक्रार घेऊन जाण्याची एक जागा असली पाहिजे. शाखा, मग विभागीय कार्यालय, मग लोकपाल. प्रीसेलवाल्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की वाद झाला तर कोणत्या गावच्या कोर्टात जायचं.

गुजरातेत राहून बिटकनेक्ट विसरता येणार नाही. संस्थापक सुरतचा. लोकांकडून बिटकॉइन घ्यायचं, बदल्यात बीसीसी हे स्वतःचं टोकन, ते 'लेंडिंग'ला (कर्जाऊ) लावायचं आणि रोज परतावा दाखवायचा. जानेवारी २०१८ मध्ये लेंडिंग बंद केलं आणि लोकांची रक्कम बीसीसीतच परत केली. भाव लगेच कोसळला. अमेरिकेच्या एसईसीने २०२१ मध्ये २०० कोटी डॉलरांच्या फसवणुकीचा आरोप ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या ईडीने १,६४६ कोटी रुपयांचं क्रिप्टो जप्त केलं.

महाराष्ट्रातलं गेनबिटकॉइन प्रकरण शेजारी ठेवून बघा. १८ महिने, दर महिन्याला १० टक्के, बिटकॉइनमध्ये परतावा, असं आश्वासन. पुढे बिटकॉइन द्यायची वेळ आली तेव्हा हातात एमकॅप नावाचं घरचं टोकन ठेवलं. दोन्हीकडे चाल एकच. घेताना जगात विकलं जाणारं नाणं घ्यायचं, देताना स्वतः छापलेलं द्यायचं. नातलगांना समजावताना मी हीच दोन प्रकरणं सांगतो. एवढं सगळ्यांना कळतं.

प्रतापगंज

मी एमएसयूमध्ये (सयाजीराव विद्यापीठात) शिकतो. सयाजीबाग काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. बिटकनेक्ट उघड पॉन्झी (नव्यांच्या पैशातून जुन्यांना देणारी फसवी योजना) होतं. पण सगळी टोकनं तशी नसतात. माझ्या वर्गातल्या काहींनी सुरुवातीला घेऊन खरोखर कमावलंय आणि फीचे पैसे भरलेत. मोठ्या माणसांकडे घर आहे, पेन्शन आहे. आम्हाला चौदा-पंधरा हजारांच्या नोकऱ्या सांगतात. आम्ही धोका घ्यायचाच नाही का? 'घेऊ नका' हे ऐकून कंटाळा आलाय. खरं-खोटं तपासायचं कसं, हे कोणीतरी शिकवा.

मांजलपूर_डेव्ह

प्रतापगंज, प्रश्न अगदी योग्य आहे. शिकवतो.

टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता मिळव. इथेरियमवर असेल तर इथरस्कॅनवर (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) टाक, बाकी साखळ्यांचेही असे एक्सप्लोरर आहेत. 'होल्डर्स' (धारकांची यादी) उघड. पहिल्या दहा वॉलेटांत (टोकनं ठेवायच्या डिजिटल खात्यांत) किती टक्के आहेत ते बघ. इथे दोन्हीकडून फसायला होतं. एक्स्चेंजचं वॉलेट एकच मोठं दिसतं, पण त्यात हजारो लोकांची टोकनं असतात. आणि उलट, एकच माणूस शंभर वॉलेटांत वाटून ठेवतो आणि यादी छान पसरलेली दिसते. म्हणून त्या वॉलेटांत टोकन कुठून आलं हे मागे जाऊन बघावं लागतं. सगळी एकाच पत्त्यावरून, एकाच दिवशी भरलेली असतील तर मालक एकच समज.

मग कॉन्ट्रॅक्टचा कोड. तो पडताळलेला नसेल, म्हणजे नुसता बायनरी (माणसाला न वाचता येणारा) दिसत असेल, तर तिथेच थांब. असेल तर मालकाला काय काय करता येतं ते शोध. नवी टोकनं छापता येतात का, व्यवहार थांबवता येतात का, एखादा पत्ता काळ्या यादीत टाकता येतो का, विक्रीवर कापली जाणारी फी बदलता येते का. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस 'स्क्विड' नावाचं टोकन आलं होतं. भाव २,८०० डॉलरांच्या वर गेला, स्क्रीनवर लोक श्रीमंत झाले, पण विकायला गेल्यावर विकता येईना. १ नोव्हेंबरला काढणाऱ्यांनी पैसे उचलले आणि भाव शून्यावर आला. नुसता चढता भाव बघू नकोस, सामान्य वॉलेटांतून विक्री होते आहे का ते बघ.

शेवटी चाव्या, म्हणजे सही करायचा अधिकार कोणाकडे आहे. रोनिन ब्रिजवर (एका साखळीतून दुसरीत नाणी नेणाऱ्या व्यवस्थेवर) ९ व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहारांना मान्यता देणारे, होते आणि ५ सह्या पुरत होत्या. त्यातले ४ एकाच कंपनीचे. पाचव्याने त्या कंपनीला पूर्वी कधीतरी सही करायची परवानगी दिली होती आणि ती मागे घ्यायची राहून गेली. मार्च २०२२ मध्ये कंपनीत शिरलेल्या चोरांना पाचही सह्या मिळाल्या. १,७३,६०० ईथर आणि २.५५ कोटी यूएसडीसी (हेही डॉलरशी बांधलेलं नाणं) गेले, आणि सहा दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. कागदावर ९ व्हॅलिडेटर होते, प्रत्यक्षात एक कंपनी.

लहरीपुरा, एवढं लिहिल्यावर तुमचा मुद्दा मलाही जास्त पटतोय. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायनान्स एक्स्चेंजशी जोडलेल्या बीएनबी साखळीच्या ब्रिजमधून २० लाख बीएनबी खोटे तयार केले गेले, तेव्हा व्हॅलिडेटरांनी मिळून अख्खी साखळीच थांबवली. सक्रिय व्हॅलिडेटर होते २६. त्यामुळे बरेचसे पैसे वाचले, आणि अभियंता म्हणून त्यांच्या जागी मीही थांबवलीच असती. पण जी थांबवता येते, तिच्यावर 'कोणाचंच नियंत्रण नाही' असं लिहून टोकन विकू नये. ते खोटं आहे.

अकोटा_दुबई

मूळचा अकोट्याचा, सध्या दुबईत. एक छोटी माहिती. 'आमची कंपनी दुबईत नोंदलेली आहे' असं सांगून लायसन्सचा फोटो दाखवतात. इथे कुठल्याही फ्री झोनमध्ये कन्सल्टन्सीचं व्यापार लायसन्स सहज मिळतं. क्रिप्टोच्या व्यवसायाला २०२२ मध्ये स्थापन झालेल्या 'वारा' या दुबईच्या नियामक संस्थेची वेगळी परवानगी लागते आणि तिची यादी जाहीर असते. लायसन्सवर व्यवसाय काय लिहिलाय ते आधी वाचा.

वाडीची_मंजिरी

सगळं वाचलं. आमच्याकडे हेच चाललंय. माझ्या मामांना त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने प्रीसेलमध्ये ओढलंय. थोडे पैसे दिले आहेत, अॅपमध्ये आकडा रोज वाढताना दिसतो, आणि आता ते मामीच्या नावची ठेव मोडायचं म्हणत आहेत. मी लहान, मी सांगितलेलं त्यांना उद्धटपणा वाटतो. त्या सहकाऱ्यावर त्यांचा खरा विश्वास आहे, आणि तो माणूसही वाईट नाही हो, त्याने स्वतःचेही घातलेत. सुरुवात कुठून करू?

सयाजीबाग

मंजिरी, मामांना 'फसताय' म्हणू नकोस, माणूस अडून बसतो. त्यांना म्हण, तुमच्या मित्राला तीन गोष्टी लिहून द्यायला सांगा. टीमने कोणत्या भावाने घेतलं, त्यांना विकायला कधीपासून मोकळीक आहे, आणि आपल्याला आत्ता थोडे पैसे परत काढता येतील का. तिसऱ्याची तर आजच परीक्षा होते. अॅपमधून पाच हजार काढून बँकेत आणून दाखवा म्हणावं. काढण्याआधी 'आधी कर भरा' किंवा 'फी भरा' असं सांगितलं तर एक पैसाही देऊ नका, आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. जितका उशीर तितका पैसा पुढे सरकतो.

ताळेबंद

सयाजीबागांना अनुमोदन. मेसेजचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या पावत्या, यूएसडीटी पाठवला तो वॉलेटचा पत्ता, सगळं जपून ठेव. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट कर, नंतर ग्रुपच पुसून टाकतात. एक्स्चेंज एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) नोंदलेलं आहे का तेही बघ, मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगचा कायदा त्यांना लागू आहे. अर्थात नोंदणी असली तरी टोकन चांगलं ठरत नाही.

मांजलपूर_डेव्ह

मंजिरी, टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता मिळाला तर इथे टाक. आज रात्री बसून बघतो.

वाडीची_मंजिरी

मामांशी बोलले. तुमच्याच शब्दांत विचारलं, त्यामुळे चिडले नाहीत. त्यांनी मित्राला फोन लावला. भावाबद्दल तो म्हणाला, वरच्यांना विचारून सांगतो. पैसे आत्ता काढता येत नाहीत, लिस्टिंगनंतरच. आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता लाँचच्या दिवशी जाहीर होणार आहे.

मांजलपूर_डेव्ह

म्हणजे टोकन अजून साखळीवर आहे याचा पुरावाच नाही. मामांना अॅपमध्ये दिसतो तो आकडा त्या लोकांच्या सर्व्हरवर लिहिलेला आहे. तो ते हवा तेव्हा वाढवू शकतात, हवा तेव्हा पुसू शकतात. मामीची ठेव मोडू देऊ नकोस. आणि त्या सहकाऱ्यालाही हा धागा पाठव, त्याचे पैसेही तिथेच अडकलेत.